कापलेल्या टोपीचं फळ

भाऊजींनी टोमॅटोची पहिली रांग उपटायला घेतली तेव्हा मी नाकातलं रक्त पुसत होते. दार अडवून उभी राहिले म्हणून आधी मलाच आडवं केलं होतं.

"बाजूला व्हा वहिनी, दुसऱ्यांदा सांगणार नाही."

"पहिल्यांदा तरी कुठे सांगितलंत," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, मार खाऊनही गप्प बसत नाही.

हे पॉलिहाऊस सासऱ्यांनी उभारलं, माझ्या नवऱ्याने चालवलं, आणि तो गेल्यावर मी आणि धाकटी जाऊ चालवतो. टोमॅटोला मर रोग लागला की उभं झाड मान टाकतं. एकच रानटी जात त्याला दाद देत नाही, पण तिचं फळ बोराएवढं आणि कडू. तिचे पराग आमच्या चांगल्या जातीवर घालून चिवट रोप मिळवायचं, असा आमचा खटाटोप. कळी उमलायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढायचे, मग रानटी पराग टेकवायचे, वर कागदी पिशवी. मान मोडेपर्यंत केलं, तेव्हा कुठे एक फळ धरलं. रानटी झाड उन्हाने करपून गेलं, म्हणजे पुन्हा पराग मिळणार नव्हते. आणि सासूबाईंनी ठणकावलं होतं, या हंगामात मर न लागणारं रोप दाखवा, नाहीतर जागा धाकट्याच्या ट्रकांना.

फळ पिकलंय, उद्या बी काढणार, हे धाकटी बिचारी आनंदाच्या भरात घरी बोलून गेली. म्हणून तिचा नवरा आज आला.

त्यांनी झाडं उपटली, फांद्यांवरचे नोंदींचे टॅग न वाचताच ओरबाडले, सगळी लाल फळं वाटेवर ओतली. "यातलं कुठलं?"

त्यांनी धाकटीचे केस धरून तोंड लोखंडी टेबलावर आपटलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. "कुठलं?" ती नुसती रक्त थुंकली. मग त्यांनी तिचा उजवा हात पाठीमागे पिरगळला, चिमटा धरायचा तो, आणि मनगट मोडलं. तरी ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, सांगू नका.

फळ गेलं चुलीत, मला तिचे हाल बघवेनात.

"सोडा तिला. टोमॅटोच्या डोक्यावर हिरव्या पानांची टोपी असते ना, पराग घातलेल्या फळाची ती आम्ही कापतो. दोन पानं कमी असतील. शोधा आणि घ्या."

त्यांनी ते शोधलं, जमिनीवर ठेवलं आणि टाचेने रगडलं. मग बाकीच्या ढिगावरही नाचले. "झालं तुमचं संशोधन."

धाकटी रडायला लागली. मीही रडले. पण माझे डोळे खाली होते, आणि तिथे पिवळट बिया पडल्या होत्या, अख्ख्या. बी काढताना आम्ही तरी काय करतो, फळ चिरडतोच की. या माणसाने उभ्या जन्मात एक बी काढलं नव्हतं. काही बिया मातीत होत्या, बऱ्याचशा त्यांच्या बुटाच्या खाचांत. आणि ते बूट धुवायला नळाकडे निघाले होते.

मी फावडं उचललं आणि त्यांच्या गुडघ्याच्या मागे घातलं. ते पडले. परत घातलं. खरं सांगते, दुसरा फटका बियांसाठी नव्हता. त्यांनी माझा गळा धरला तेव्हा धाकटी त्यांच्या छातीवर बसली आणि डाव्या हाताने चिमटा त्यांच्या डोळ्याला लावला. "हलू नका," ती म्हणाली. तिच्या तोंडातलं रक्त त्यांच्या शर्टावर गळत होतं. ते हलले नाहीत. आमचं फळ रगडलेला बूट मी काढून घेतला.

"पण सगळ्या फळांच्या बिया मिसळल्यात ताई," ते निघून गेल्यावर ती म्हणाली. "आपली कुठली, कसं कळणार?"

"मर लागलेल्या मातीत सगळ्या पेरू. मरायचं ते मरेल."

पेरल्या. हाताला प्लास्टर घालून ती माझ्याच खोलीत राहायला आली. रोपं वीतभर झाली आणि रांगाच्या रांगा माना टाकू लागल्या. सासूबाई बघायला आल्या तेव्हा मोजकीच उभी होती, पण ताठ. त्यांनी प्रत्येकाला हात लावून पाहिला. "जागा तुमची," म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "तो लंगडतोय गं. घरी ये म्हणतोय."

धाकटीने डाव्या हातातलं मेलेलं रोप जाळायच्या बादलीत टाकलं आणि पुढचं धरलं.

"त्यांचा एक बूट इथे राहिलाय," ती म्हणाली. "तेवढा घेऊन जा."