चालत्या गाडीतला तोल

फर्दापूरहून निघालेली सकाळची एसटी फुलंब्री सोडून सावंगीजवळ आली आणि कंडक्टर दीपमालाला तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दोन-दोन दिसायला लागले. तिनं डोळे चोळले. मग सगळी गाडीच भिंगरीसारखी फिरायला लागली, आणि रस्ता तर सरळ होता.

आठ दिवसांत हे तिसऱ्यांदा. आधी दोन्ही वेळा दहा मिनिटांत थांबलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या आणि नवरा रामेश्वर म्हणाला होता, "उपास कमी कर."

आज थांबेना. उलटी झाली. गाडी थांबवा, असं तिला सांगायचं होतं, पण जीभ जड झाली आणि नुसतंच बरळल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं.

"पित्त खवळलंय, कांदा हुंगवा," मागून कुणीतरी म्हणालं.

"लकवा तर नाय. तोंड वाकडं नाय, हातपाय हालतेत," दुसरा एक प्रवासी म्हणाला.

ड्रायव्हर कडूबानं गाडी कडेला घेतली. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. तो मागं आला. "ताई, जरा उठून उभं राहा बरं."

ती उठली आणि कुणी ढकलल्यासारखी उजवीकडं कलंडली. कडूबानं तिला सावरलं, घड्याळ बघितलं.

"हे पित्त नाय," तो प्रवाशांना म्हणाला. "गाडी आता सरळ मोठ्या दवाखान्यात चालली. कुणाला घाई असंल तर हर्सूलला उतरा."

हर्सूलला एकही जण उतरला नाही.

"कधी सुरू झालं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"आठ वाजून वीस मिनिटं. सावंगीच्या अलीकडं," कडूबा म्हणाला.

"बरं झालं वेळ पाहिलीत. अजून उपाय हातात आहे." स्कॅन झाल्यावर त्यांनी धावत आलेल्या रामेश्वरला समजावलं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी शीर अरुंद झाली होती आणि तिथंच गुठळी अडकली होती. तोल, नजर, गिळणं त्याच भागातून चालतं. हातपाय धड असले तरी हा मेंदूचाच झटका होता.

दीपमालाला सगळं ऐकू येत होतं, विचारता मात्र काहीच येत नव्हतं. मांडीतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी ती गुठळी ओढून काढली.

पाचव्या दिवशी ती ठसका न लागता घोटभर पाणी प्याली. जीभ पंधरा दिवसांनी वळली. चालणं मात्र रुसून बसलं होतं. व्यायाम शिकवणारी श्रेया फरशीवर खडूनं रेघ ओढायची आणि दीपमाला त्या रेघेवरून टाचेला पंजा लावत चालायची. दोनदा आपटली. रामेश्वर वाळूजच्या कंपनीतून सुटला की रोज तिला गच्चीवर चालवायचा.

"मी पित्तच समजलो," तो एकदा म्हणाला.

"डॉक्टरबी तेच समजले. धरा हात."

सात महिन्यांनी वैद्यकीय तपासणीत ती पास झाली. तरी आगारप्रमुखांना धाकधूक होती. "चौकशीच्या खिडकीत बसा. बसूनच काम आहे."

"साहेब, एकदा चालत्या गाडीत बघा. पडले तर खिडकी घेते."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः रिकाम्या गाडीत बसले. कडूबानं गाडी सुरू केली.

"कडूबाभाऊ, माझ्यासाठी हळू हाणू नका," दीपमाला म्हणाली.

त्यानं खरंच हळू हाणली नाही. खड्डे आले, वळणं आली, मधेच करकचून ब्रेक लागला. साहेबांनी समोरची दांडी घट्ट धरली. दीपमाला दारापासून मागच्या बाकापर्यंत गेली, वळली, परत आली. पाय थरथरत होते, पण ते तिचं ऐकत होते.

"सोमवारी या," साहेब म्हणाले. तोंड फिरवून कडूबानं डोळे पुसले.

सोमवारी गाडी खचाखच भरली होती. तिनं दोनदा घंटी दिली. सिल्लोडला निघालेल्या एका आजीनं सरकून जागा केली. "बस माय, दमशील."

"मी बसल्यावर तिकीट कोण देईल, आजी?" म्हणत दीपमाला पुढच्या बाकाकडं सरकली.