जावयाने पिकवलेली केळी

पंडितराव धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि फैजपूरला त्यांची सासुरवाडी. तिकडे प्राध्यापक, इकडे जावई. माणसाचं डोकं फिरायला यातलं एकही पुरे होतं. ब्याण्णव साली धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं, पंगतीला शिकरण ठरलं, आणि पंडितराव सासऱ्यांना म्हणाले, "नाना, यंदा कार्बाइड नको. केळी मी शास्त्राने पिकवतो."

जीवराम नानांनी लगेच मान डोलावली. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. केळी पिकवायची वखार नानांचा गडी भिकन सांभाळायचा. त्याच्या हातचा घड कधी कच्चा निघाला नव्हता, पण त्याला कोण विचारतो?

पंडितरावांनी नाशिकहून लहानसं सिलिंडर आणलं. आत नायट्रोजन, आणि वीस भागांत एक भाग इथिलीन. फळ पिकवतं ते इथिलीन. बाकीचा नायट्रोजन नुसता वऱ्हाडी. वखारीच्या खोलीचं माप घेऊन त्यांनी हिशेब मांडला आणि भिकनला सांगितलं, "सिलिंडरवरचा दाबाचा काटा एक घर उतरला की कॉक बंद कर. मग दार मातीने लिंपून टाक." भिकनने सांगितलं तसं केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दार उघडलं. घड तोडून आणले तेव्हा होते तसेच हिरवेगार.

"भिकन्या," नाना सगळ्या भाऊबंदांसमोर कडाडले, "दार लिंपलं का नुस्ता हात फिरवला? सगळा गॅस उडून गेला! जावईबापूंनी एवढा हिसाब केला, अन् तू माती खाल्ली!"

"नाना, मी तं चांगलं दोनदा लिंपलं..."

"मंग काय जावईबापू चुकले?"

नानांनी वखारीची किल्ली भिकनच्या कमरेची काढून घेतली.

पंडितराव तिथेच उभे होते आणि त्यांच्या डोक्यात हिशेब पुन्हा धावत होता. काट्यावर दिसतो तो सगळ्या मिश्रणाचा दाब. त्यात इथिलीनचा वाटा विसावा. त्यांनी सगळाच दाब इथिलीनचा धरला होता! काटा वीस घरं उतरायला हवा होता. प्रत्येक वायूचा दाब त्याच्या वाट्याएवढा, हे ते दरवर्षी पोरांना घोकून घेत. चुकणाऱ्याला बाकावर उभं करत. त्यांचे कान तापले. आत्ता बोलावं, असं वाटलं. पण समोर नानांचे नवे व्याही उभे होते, आणि पंडितराव गप्प राहिले. केळी सावद्याहून मागवली. केळीच्या गावात विकतची केळी! नानांना मान वर करवेना. पंगतीत शिकरण खाताना पंडितरावांना चोरासारखी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांना ओसरीवर गाठलं. "नाना, भिकनची चूक नाही. हिशेब माझा चुकला. गॅस वीसपट कमी सोडला." आणि खडूने फरशीवर सगळं मांडून दाखवलं.

नानांनी आकडे कौतुकाने पाहिले. मग डोळे पुसले. "जावईबापू, गड्यासाठी सवताच्या अंगावर घेता? लोक म्हनतात ते खोटं नाही, मोठ्या मनाचा जावई भेटला आमाले."

"अहो नाना, खरंच माझी चूक आहे!"

"असू द्या, असू द्या. तुमचा शब्द खाली पडू देनार नाही. भिकनले कामावर ठिवतो. पन वखार नाही, गोठा पाहील तो."

पंडितराव आणखी बोलत राहिले. जितकं बोलले तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. दुपारपर्यंत तो गल्लीभर झाला.

ते धुळ्याच्या बसला निघाले तेव्हा भिकन बायकोला घेऊन स्टँडवर आला. त्याने वाकून पंडितरावांचे पाय धरले.

"भिकन, ऊठ. तू दार नीट लिंपलं होतंस. चूक माझी होती."

"नाही दादा," भिकन म्हणाला. "तुमच्यावानी मानूस चुकंल कसा? मी लई इचार केला. डाव्या कोपऱ्यात माती पातळच लागली व्हती. मले आता चांगलं याद येतं."

बायको मान डोलावत होती. कंडक्टरने घंटी मारली. पंडितराव पायरीवर उभे होते आणि भिकनने पाय सोडले नव्हते.