लाइनवर माणूस

रतनबाईंचा लिफ्टवर काडीचा विश्वास नव्हता. वराळ्याच्या त्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायला त्या रोज जिन्यानं चढत आणि गुडघे कुरकुरले की बिल्डरच्या नावानं बोटं मोडत. पण खंडेनवमीच्या सकाळी हातात झेंडूची भलीमोठी पिशवी होती. सोसायटीचे सेक्रेटरी सुहास साहेब "मावशी, लिफ्टनं जा की" म्हणून मागंच लागले आणि त्या भुलल्या. तळमजला सुटला, पहिला यायचा होता, तेवढ्यात वीज गेली.

आत मिट्ट काळोख. डोक्यावरचा बॅटरीचा दिवा कधीच मेला होता. बैठकांमध्ये त्याच्यावर चर्चा तेवढी जोरात झाली होती. घंटीचं बटण दाबलं तर तेही मुकं. रतनबाईंनी दोन्ही हात दारावर आपटले आणि अशी बोंब ठोकली की पार्किंगमधली कुत्री उठून बसली. हवा काही कमी नव्हती, पण भीतीला ते कोण समजावणार? झेंडूचा वास नाकातोंडात बसला.

मीटररूम लिफ्टला चिकटूनच होती, त्यामुळे फटीतून खालचं सगळं बोलणं वर यायचं.

"लिफ्टची चावी असलेला माणूस सणाला गावी गेलाय. दुसरा चाकणहून निघालाय," सुहास साहेब म्हणत होते. "महिपती, तू जनरेटर लाव."

"लावलाय की, साहेब. दांडा सरकंना झालाय."

मागच्या शेडमधली घरघर रतनबाईंनाही ऐकू येत होती. मशीन चालू आणि लिफ्ट बंद, हा काय प्रकार? प्रकार महिपतीचाच होता. हा सोसायटीचा वॉचमन जनरेटरही बघायचा. इमारतीनं वीज बाहेरच्या लाइनची घ्यायची की जनरेटरची, हे मीटररूममधल्या एका लोखंडी दांड्यानं ठरायचं. खंडेनवमीला अवजारांची पूजा, म्हणून आदल्या दिवशी महिपतीनं मशीन धुतलं, पुसलं आणि तेवढ्यावर न थांबता दांड्याच्या पेटीला हिरवागार ऑइलपेंट फासला, अगदी खाचेत ब्रश घालून. हौसेला मोल नसतं खरं, पण रंग वाळला आणि दांडा लाइनकडंच चिकटून बसला.

"मग केबल काढ आणि थेट लिफ्टच्या पॅनेलला जोड," सुहास साहेब म्हणाले.

"दांडा लाइनकडं हाय, साहेब. आपली वीज उलटी भाईर खांबावर जाईल. तितं सीताराम वायरमन चढलाय."

"त्यानं लाइन बंद केली असेल ना?"

"बंद केलीय म्हनून तर उगड्या हातानं काम करतोय."

"फोन लाव त्याला."

"फोन गाडीच्या डिकीत ठिवून चढतो त्यो. खांबबी लांब हाय, हाक पोचायची न्हाई. मीटरच्या पेटीला वीजवाल्यांचं सील हाय, न्हाईतर तितनंच लाइन तोडली असती."

सीतारामचं नाव ऐकून रतनबाईंचं डोकं सणकलं. तारेला फांदी लागते म्हणून ह्याच मेल्यानं त्यांचा भरला शेवगा बुंध्यापासून तोडला होता. तुझे हात झडतील, असं त्यांनी त्याला भर चावडीसमोर सुनावलं होतं. ह्याच्यापायी आता इथं कोंडून मरायचं? त्यांनी पुन्हा दार बडवलं. "काडा रं मला! जीव चाललाय माजा!"

मग सुहास साहेबांचा आवाज आला, घाबरलेला. "बाई आत दगावली तर? मिनिटभराचं काम आहे. तेवढ्यात तो तारेला हात लावेलच असं नाही. जोड."

फरशीवरून जड केबल ओढत आणल्याचा आवाज आला.

रतनबाई थिजल्या. आपण ओरडलो म्हणून ती केबल निघाली, हे त्यांना लख्ख कळलं. अजून एक हाक मारली असती तर दार उघडलं असतं. हाक घशापर्यंत आलीही होती. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि तोही थोडा वेळच, कारण नुसतं गप्प बसलं तर खालच्यांना वाटलं असतं, बाई गेली. बोलायला हवं होतं, आणि आवाज सरळ यायला हवा होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी बरी हाय. उगंच बोंबलले मगाशी. केबल ऱ्हाऊ द्या."

"मावशी, घाबरू नका, आत्ता काढतो."

"आवं, घाबरतंय कोन? खाली बसलेय निवांत. महिपती, त्यो रंग खरवड आदी."

मान घामानं भिजली होती. पण ही बाई तिथून महिपतीला त्याच्या बायकोची खुशाली विचारत होती, आणि सेक्रेटरीणबाईंची पुरणाची डाळ शिजली का म्हणून चौकशी करत होती. अंधार अंगावर यायचा तेव्हा ती मुठीत झेंडू चुरगाळायची आणि पुढचा प्रश्न शोधायची.

केबल खाली पडल्याचा आवाज आला. महिपतीनं जाऊन जनरेटर बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडायला घेतला. किती वेळ खरखर चालली, देव जाणे. शेवटी दांडा खाडकन सुटून मधल्या खाचेत आला, म्हणजे इमारतीचा बाहेरच्या लाइनशी संबंध तुटला.

"मावशी, आता मशीन लावतो. पर जरा रिकामंच चालवाय लागंल. लगीच भार टाकला तर बसंल."

"चालू दे की सावकाश," रतनबाई म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सुटका समोर दिसताना थांबणं सगळ्यात अवघड गेलं.

दांडा जनरेटरकडं पडला, लिफ्ट थरथरली, दार उघडलं. सुहास साहेबांनी खुर्ची आणली, पाणी आणलं.

थोड्या वेळानं बाहेरची वीज आली. महिपतीनं दांडा परत लाइनकडं घेतला आणि मशीन थंड व्हायला रिकामं चालू ठेवलं. तेवढ्यात गेटातून सीताराम आत आला, वीज नीट पोचली का बघायला. घामेजलेला, कोपरापर्यंत काळा. रतनबाईंना बघताच त्यानं सवयीनं मान वळवली.

"गर्दी कसली?" त्यानं महिपतीला विचारलं.

महिपती सुहास साहेबांकडं बघायला लागला आणि साहेब जमिनीकडं.

रतनबाई त्याचे हात बघत होत्या. दहाही बोटं जागच्या जागी होती.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं वर हायेस. जेवलास का न्हाई?"