वजा केल्यावर

म्युलहाइमच्या त्या प्रयोगशाळेत एक रीत होती: एन्झाइमची नळी मोजली की ते ज्यात विरघळवलंय त्या नुसत्या द्रावणाचीही मोजायची. तरुण संशोधक वीबकेने या खेपेला ती टाळली. आळस नव्हे, भीती. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली नळी चुंबकाच्या पोटात सोडली आणि पडद्यावर सहा शिखरं उभी राहिली, तेव्हा तिला आणखी काही तपासायचंच नव्हतं. सहा शिखरं म्हणजे मँगनीज. या एन्झाइमच्या गाभ्यात लोखंड नसून मँगनीज आहे, असं तिचे प्राध्यापक त्यार्क्स तीस वर्षं सांगत होते आणि त्यांचे थोडे शिष्य सोडले तर लोक तीस वर्षं हसत होते.

आता त्यार्क्स घरी अंथरुणाला खिळले होते. सोमवारी तिने आलेख नेऊन दाखवला. म्हातारा बोटाने एकेक शिखर मोजत रडला.

गुरुवारी यंत्र सांभाळणाऱ्या कोस्लोव्स्कीबाईंनी तिला अडवलं. "लेख पाठवतेयस म्हणे. द्रावणाची नळी कुठाय?"

"राहिली."

"राहिली की ठेवलीस? न चाखता वाढत नाहीत, पोरी. चल, गोठव."

नुसत्या द्रावणातही सहा शिखरं आली, तेवढीच उंच. मँगनीज एन्झाइममध्ये नव्हतंच. ते द्रावणाच्या मिठातून आलं होतं. 

बाईंचा आवाज उतरला. "त्यार्क्स चार दिवसांचे सोबती आहेत. सांगू नकोस. लेख तेवढा पाठवू नकोस, झालं."

वाट सोपी होती, आणि तीत पापही नव्हतं. पण संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली, आणि तिला पाहताच त्यार्क्सनी विचारलं, "गेला का लेख?"

"हो" ओठांवर आलं होतं. तिने दोन्ही आलेख पांघरुणावर ठेवले.

त्यांनी एक आलेख दुसऱ्यावर ठेवून पाहिला. "द्रावणाचं यातून वजा केलंस?"

"केलं."

"काय उरलं?"

"लोखंड, प्रोफेसर. बारीकसं, पण आहे."

त्यांनी डोळे मिटले. आपण या माणसाला मरणाआधीच मारलं, असं तिला वाटलं.

"मग तसंच लिही," ते म्हणाले.

"लिहीन. तुमचं नाव नाही घालणार."

"वेडी आहेस का?" त्यांनी तिचं मनगट धरलं. "तू एकटीने लिहिलंस तर माझे शिष्य अजून दहा वर्षं वाद घालतील. माझं नाव पहिलं घाल. तीस वर्षं चुकलेल्या माणसानेच सांगितलं, तर ऐकतील."