काचवाल्याच्या घरचा चेंडू

मी एक जुना सॉफ्टबॉल आहे, मित्रांनो. नावावर मात्र जाऊ नका. 'सॉफ्ट' म्हणजे मऊ असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. एकदा मला नडगीवर घेऊन बघा, म्हणजे मऊ कशाला म्हणतात ते कळेल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मी अंगाने थोराड, रंगाने पिवळाधमक, आणि अंगावर लाल दोऱ्याची शिवण. आता पिवळा रंग मळलाय आणि एका बाजूची शिवण सैल झालीय, पण अजून मी कुठल्याही खिडकीचं वाटोळं करू शकतो.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने मला शिवलं. दोन हातांत दोन सुया, दर टाक्याला ओठ घट्ट मिटून ती दोरा खेचायची. शेवटची गाठ तिने अशी आत सारली की आजवर मलाही ती सापडलेली नाही. नंतर मला खोक्यात घातलं आणि एका खेळाच्या दुकानात पाठवलं. तिथे मी बराच काळ काचेच्या कपाटात नटून बसलो होतो. दुकानाच्या दर्शनी काचेला तडा गेला म्हणून एक काचवाला ती बदलायला आला, आणि जाताना मला घेऊन गेला.

हा काचवाला म्हणजे काय आवाजाचा माणूस होता! उंच इमारतीत काच चढवताना खालच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जन्मभर ओरडत आलेला. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या, आणि घरात माणसं दोनच: तो आणि त्याची लेक. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती. लेकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल, घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी ठरायचीच नाही.

दुकानामागच्या बोळात आमचा सराव चालायचा. भिंतीला काचा टेकवून ठेवलेल्या, आणि मधे भिंगरी बॅट घेऊन उभी. शेजारीपाजारी कपाळाला हात लावायचे. काचवाला हसून म्हणायचा, "फोड गं बाई, आपलाच धंदा वाढेल." तो मला टाकायचा, ती फटकावायची, आणि लगेच त्याचा आवाज बोळभर घुमायचा, "पळ, भिंगरे, पळ!" मग ती बॅट टाकून कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत धूम ठोकायची. तो डबा म्हणजे आमचा पहिला बेस, फटका मारल्यावर पळून गाठायची पहिली जागा. मी मेलो तरी ते दिवस विसरणार नाही.

पुढे तिला मुलींच्या लीगमध्ये घातलं. लहान गटात तीन वर्षं ती बरी खेळली, आणि वय वाढलं तशी मोठ्या गटात गेली. आता मोठ्या गटाचे नियम थोडे निराळे असतात. काचवाल्याने नियमांचं पुस्तक आणलं आणि जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवून वाचायला लागला. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय बॅट हातात धरायची नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. एक संघ फारच पुढे गेला तर पंच मॅच थांबवतात, म्हणजे दुसऱ्याची शोभा होत नाही. बाकावरच्या प्रत्येक पोरीला खेळायला मिळालंच पाहिजे; हा नियम त्याला इतका आवडला की त्याने तो दोनदा वाचून दाखवला.

भिंगरीचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणायची, मी तीन वर्षं खेळतेय, मला सगळं येतं. एका संध्याकाळी तो तिसऱ्या स्ट्राइकच्या नियमापाशी आला आणि तिने दोन्ही कानांत बोटं घातली. त्याने हसून पुस्तक मिटलं. उद्या सांगू, म्हणाला.

तो नियम मी तुम्हाला सांगतो, नीट ऐका. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीन चेंडू हुकले, की बॅटर आऊट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान गटात तेवढंच असतं. पण मोठ्या गटात कॅचरने, म्हणजे बॅटरच्या मागे बसलेल्या मुलीने, तिसरा स्ट्राइक हातमोज्यात नीट झेलावा लागतो. चेंडू जमिनीवर पडला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा आधीच दोन आऊट झालेले असले, तर बॅटर अजून जिवंत असते. तिने पहिल्या बेसकडे पळायचं. चेंडूच्या आधी पोचली तर ती वाचली. सगळं संपलं असं वाटतं, तेव्हाच पळायचं असतं.

उद्या सांगू म्हणाला खरा, पण त्याच आठवड्यात एक भलतंच घडलं. मॅच चालू असताना काचवाल्याला राहवेना. जाळीमागून त्याचं सुरू झालं: पाय सरकव, कोपर वर घे, हा सोड, तो मार. मैदानाबाहेरून सूचना द्यायला बंदी असते. पंचांनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा खेळ थांबवून त्याला फाटकाबाहेर जायला सांगितलं. सगळ्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिने दप्तर आपटलं आणि बापाला बजावलं, मॅचमध्ये पुन्हा तोंड उघडलंस तर मी बॅटला हात लावणार नाही. त्याने बिचाऱ्याने कानाला खडा लावला. गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला, "गळ्याशपथ. माझा आवाज तुझ्या कानावर येणार नाही."

त्यानंतर त्याचा आवाज बसला. भिंगरीला वाटलं, ओरडून ओरडून बसलाय, बरं झालं. पण बसलेला आवाज काही केल्या उठेना. गरम पाणी झालं, औषधं झाली, तपासण्या झाल्या.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी काच कापायच्या टेबलावर पडलो होतो. त्याने बहिणीला फोन लावला. गळ्यात गाठ आहे, चांगली नाही, डॉक्टर म्हणतात जीव वाचेल पण आवाज काढूनच द्यावा लागेल, असं तो घोगऱ्या स्वरात सांगत होता. पलीकडे ती रडत असावी, कारण तो मधेमधे नुसता थांबायचा. मग म्हणाला, भिंगरीची मॅच होऊ दे, त्यानंतरच्या आठवड्यात मी भरती होतो. तिला तू काही बोलू नकोस, मॅच झाली की मीच सांगेन. फोन ठेवून त्याने मला हातात घेतलं, अंगठ्याने शिवण चाचपली आणि हळूच म्हणाला, "पळ, भिंगरे, पळ." कुलपात किल्ली अजून फिरते का ते माणूस बघतो ना, तसं. आवाज फाटका होता, पण होता. मला तेव्हा वाटलं, आपल्यालाही तोंड असतं तर बरं झालं असतं.

मग ती मॅच आली. दोन्ही संघांनी एकेक चांगला चेंडू द्यायचा असतो. त्यातला एक भिंतीपलीकडच्या गटारात गेला, दुसऱ्याची शिवण फाटली. पंचांनी भिंगरीच्या संघाच्या ताईंकडे, म्हणजे त्यांच्या कोचकडे, चेंडू मागितला. ताईंची पिशवी रिकामी. तेव्हा भिंगरीने आपल्या पिशवीतून मला काढून दिलं. पंचांनी मला दाबून पाहिलं, शिवणीवरून नख फिरवलं आणि चालेल म्हणाले. मित्रांनो, बोळातला चेंडू लीगच्या मॅचमध्ये! मी फुगून दुप्पट झालो असतो, पण तेही नियमात बसत नाही.

शेवटची इनिंग. भिंगरीचा संघ एका रनने मागे. दोन आऊट झालेले, तिसऱ्या बेसवर त्यांची एक मुलगी बरोबरीच्या रनसाठी टपून उभी, आणि बॅटिंगला भिंगरी. काचवाला जाळीच्या कडेला, पाण्याच्या नळापाशी उभा होता. ओठ मिटलेले. दोन स्ट्राइक झाले. पिचरने मला तिसऱ्यांदा सोडलं. मी ऐन वेळी खाली वळलो, भिंगरीची बॅट वरून गेली, मी कॅचरच्या हातमोज्याच्या कडेला आपटलो आणि तिच्या दोन पायांच्या मधे मातीत पडलो.

मी जमिनीवर होतो! कॅचरही बावरलेली पोरच होती. मोजा मिटून ती तशीच बसून राहिली. ताई तिसऱ्या बेसजवळ होत्या, त्यांना दिसला तो मिटलेला मोजा. पंचांना मी दिसत होतो, पण ते फक्त "स्ट्राइक" म्हणाले, "आऊट" म्हणाले नाहीत. बॅटरला पळ म्हणून सांगणं हे पंचांचं काम नव्हे. आणि मी दिसत होतो काचवाल्याला.

भिंगरीने मान खाली घातली आणि बॅट ओढत बाकाकडे चालायला लागली. पळ, पोरी, मला झेललेलं नाही, मी मातीत आहे, असं मला ओरडायचं होतं. मी जाळीकडे पाहिलं. काचवाल्याने जाळीत दोन्ही हातांची बोटं रुतवली होती. त्याचं तोंड उघडलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. एकच शब्द हवा होता, आणि तो शब्द म्हणायला त्याच्याजवळ अजून आवाज होता. भिंगरीने चालता चालता एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटून घेतलं. शपथ दिली होती ना त्याने.

तिचा पाय बाकाच्या कुंपणात पडला, म्हणजे तिने पळणं सोडलं असं ठरलं, आणि पंचांनी आऊटचा हात वर केला. हातातोंडाशी आलेला घास गेला. कॅचर उठली तेव्हा मी सगळ्यांना दिसलो. ताई भिंगरीजवळ बसून तिला तो नियम समजावत होत्या, आणि ती माझ्याकडे नुसती बघत होती.

परत जाताना काचवाल्याच्या गाडीत मी तिच्या मांडीवर होतो.  मग तिने विचारलं, "बाबा, तुला तो नियम माहीत होता?"

"होता."

"चेंडू पडलेला दिसला होता?"

"दिसला होता."

"मग ओरडला का नाहीस?"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुला शब्द दिला होता, भिंगरे."

तिने मला उचलून मागे भिरकावलं. मी काचांच्या चौकटींमधे जाऊन पडलो. त्यानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं. मित्रांनो, राग तिचा तिच्यावरच होता, पण तो ठेवायला तिला दुसरी जागा सापडेना. तो जेवायला हाक मारायचा, ती ताट घेऊन खोलीत जायची. तो सांगायला म्हणून जिना चढायचा आणि बंद दार बघून उतरायचा. शेवटी गळ्याचं छोटंसं ऑपरेशन आहे, एवढंच तो दाराबाहेरून बोलला. त्याचे बोलायचे उरलेले दिवस असे बंद दाराशी संपले.

इस्पितळात जायच्या सकाळी मी, त्या चौकटींबरोबर गाडीतून उतरलेला, दुकानात खोक्यांच्या मागे होतो. बहीण बाहेर गाडीत बसली होती. तो पिशवी खांद्याला लावून जिन्याच्या तळाशी थांबला आणि वर बघून म्हणाला, "भिंगरे, येतो गं."

वरून उत्तर आलं नाही.  मग शटर अर्धं ओढून गेला.

आत्याने तिला त्याच दिवशी इस्पितळात बोलावून घेतलं आणि खरं काय ते तिथल्या बाकावर सांगितलं. तोवर त्याला आत नेलं होतं.

तो परत आला तो गळ्याला पट्टी बांधून. आता दुकानात एक पाटी असते, तिच्यावर तो लिहितो, आणि गिऱ्हाईक उगाचच मोठ्याने बोलतात, जणू तो बहिराच झालाय. भिंगरीने त्या मोसमात बॅट हातात घेतली नाही. माझ्यावर धुळीचा थर चढला. माझ्याबद्दल मला काही वाटलं नाही. त्या घरातली शांतता मात्र मला खायला उठायची.

मग एकदा तिने खोकी सरकवली आणि मला बाहेर काढलं. फ्रॉकला पुसलं. बापाचा हात धरून ती त्याला बोळात घेऊन आली, मला त्याच्या हातात ठेवलं आणि बॅट घेऊन उभी राहिली. त्याने मला टाकलं. तिने बॅट फिरवलीच नाही. मी तिच्या पायाशी पडलो. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, त्या सकाळी मी जागी होते."

त्याने मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं.

"ओरड ना, बाबा," ती म्हणाली. "एकदाच ओरड ना."

त्याने तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला. गळ्यातून नुसती हवा आली. ओठ मात्र हलले, आणि ते काय म्हणत होते ते मला कळलं, तिलाही कळलं. भिंगरी बॅट टाकून रडत रडत पळत सुटली, कचऱ्याच्या डब्यापर्यंत.

मित्रांनो, मी चेंडू, मला काय कळतंय. पण एवढं सांगतो. खेळायला उतराल तेव्हा नियम शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घ्या, सांगणारं माणूस कितीही कंटाळवाणं असलं तरी. आणि जिन्याखालून कोणी "येतो गं" म्हणालं, तर कितीही रुसलेले असा, आधी "लवकर ये" म्हणा. रुसायला नंतर हवा तेवढा वेळ असतो. आमची भिंगरी आता रोज संध्याकाळी बोळात येते, मी खाली पडतो, ती पळते, आणि डब्याला हात लावून झाला की मागे वळून जरा वेळ कान देऊन उभी राहते.