इंजिन बंद ठेवून

सकाळी सात वाजता वायरमनने तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत गाडीचं इंजिन बंद केलं. मागे पलंगावर त्याची बायको पडून होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. आता दिवस मावळेपर्यंत ते मशीन नव्या बॅटरीवर चालायला हवं होतं.

गाडी परवापरवापर्यंत बेकरीचा माल पोचवायची. वायरमनने ती विकत घेऊन आत पलंग ठोकला, भिंतींना लाकूड लावलं, लाकडामागे थंडी नि आवाज अडवायला लोकरीचा जाड नमदा भरला. हा सगळा खटाटोप एका भेटीसाठी. बायकोची ताई समुद्रापलीकडे अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टर आठवड्याचीही खात्री देत नव्हते. बोट उद्या सकाळी, त्यानंतरची एकदम पुढच्या आठवड्यात. आजारी बाईला गाडीतच झोपू देऊ, असं बोटवाले म्हणाले होते. पण सिलिंडर आणायचा नाही आणि दिवसभर इंजिन बंद. सगळी भिस्त बॅटरीवर.

"संध्याकाळी निम्मी उरली तर जायचं," तो म्हणाला.

"आणि नाही उरली तर?"

"तर नाही."

"मग तोंड आत्तापासून कशाला पाडलंय? सहलीला आलोय ना आपण?"

तो मीटरसमोर ठाण मांडून बसला. शेवटी तिनेच हाकललं. "अहो, बाहेर बसा बरं. दूध उतू जाईल म्हणून डोळे लावून बसावं तसे बसलाय. माझाच जीव टांगणीला लागतो."

तो बाहेर स्टुलावर जाऊन बसला. आतलं काही ऐकू येत नव्हतं. नमदा चोख बसला, असं त्याच्या मनात आलं. मधूनमधून तो आत डोकवायचा. लाकडी पायरी करकरायची, मशीन घुरघुरत असायचं आणि बायको म्हणायची, "आहे, आहे जिवंत. जा."

दुपारी भाच्याचा फोन आला. "काका, आई सारखी दाराकडे बघतेय. मावशीला आणताय ना?"

"बॅटरी टिकतेय रे," तो म्हणाला. किती दिवसांनी त्याच्या आवाजात जोर आला होता.

ऊन उतरल्यावर त्याने मीटर पाहिला. पाऊण बॅटरी शिल्लक होती. हिशेबाने निम्म्याच्या आसपास उरायला हवी होती. आकडा कमी आला तर वायरमन घाबरत नाही, वायर तपासतो. आकडा जास्त आला की समजायचं, कुठेतरी काहीतरी चालतच नाहीये.

त्याने मशीनवर हात ठेवला. घुरघुरत होतं. पण सकाळपासून चाललेलं मशीन हाताला चांगलं गरम लागतं. हे फरशीसारखं गार होतं.

"किती वेळ बंद ठेवलंस?"

"काय?"

"मला वायरिंग शिकवू नकोस."

ती छताकडे बघत राहिली. "तुम्ही बाहेर गेलात की बंद. पायरी वाजली की चालू." ती दम खायला थांबली. "बॅटरी जरा जास्तच वाचली वाटतं."

तिचे ओठ जांभळे पडले होते. दुपारीही असणार, त्याची नजर मीटरवर होती.

"अगं, मेली असतीस!"

"मेले का?"

"उद्या बोटीवर कुणाला फसवणार आहेस?"

"कुणाला कशाला? तुमच्यासमोरच करीन. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. आज निघाला ना दिवस? उद्याही निघेल." तिने त्याची बाही धरली. "ताईने मला अंगाखांद्यावर वाढवलंय हो. मी नाही बघितलं तिला, तर हे मशीन चालवून मला जगवायचं कशाला?"

त्याने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. आकडा डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली होता. त्याने मशीन पूर्ण जोरावर सोडलं आणि आकडा चढायची वाट बघत बसला. बॅटरी बोटीचा दिवस काढेल की नाही, हे त्याला सकाळी माहीत नव्हतं आणि आत्ताही नव्हतं. पुन्हा चाचणी घ्यायला दिवस उरला नव्हता.

फोन वाजला. भाचाच होता. "काका, आईला काय सांगू? उद्या येताय ना?"

बायकोने फोनसाठी हात पुढे केला. त्याने दिला नाही, बंदही केला नाही. क्लिपवरचा आकडा थोडा चढला आणि मर्यादेच्या खालीच थांबला. मीटरचा काटा उतरायला लागला होता.

"काका," भाचा म्हणत होता, "आवाज येतोय ना?"