मीटरमागची हळद

सकाळी कामरेजच्या पुलावर शेठच्या नव्याकोऱ्या गाडीनं घात केला. मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटले, काटा साठवरून धपकन शून्यावर आला आणि इंजिन बंद! पाठीमागून ट्रक बोंबलत अंगावर येतोय आणि मागच्या सीटवर शेठची आई. वाचले, एवढंच म्हणायचं.

आता डिंडोलीत सुकदेव इलेक्ट्रिशियनच्या दुकानात बळीराम शेठ तणतणत उभे होते आणि ड्रायव्हर चेतन चावी मुठीत धरून दाराशी.

"यानंच वायरीत हात घातला असणार," शेठ म्हणाले. "सुकदेव, नीट बघ. याची चूक निघाली, तर चावी इथंच ठेवायची यानं."

दिवाळीनंतरच चेतननं बायकोला, वर्षाला, तान्ह्या पोरीसकट गावाहून आणलं होतं. नोकरी गेली तर तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

सुकदेवनं मीटर ओढून काढलं. मागच्या प्लगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "पाणी गेलंय, शेठ."

"गाडी कोण धुतं?" शेठ गरजले.

धुतो चेतनच. पण प्लगच्या खाचेत त्याला पिवळी हळद दिसली, चिकटलेल्या दोन अक्षता दिसल्या, आणि त्याला सगळं आठवलं. दसरा! गाडीचा जीव आत असतो, बाहेर पाणी घालून काय उपयोग, असं म्हणत शेठच्या आईनं, सुभद्राबाईंनी, पूजेचा अख्खा तांब्या मीटरवर ओतला होता. शेठ तेव्हा बाहेर पेढे वाटत होते. आणि हा शहाणा चेतन रुमालानं पुसून मोकळा झाला! तेव्हाच तोंड उघडायला काय झालं होतं?

आता सांगावं? त्याच माउलीनं शब्द टाकला म्हणून तर ही नोकरी लागली होती. बाकावर बसलेल्या सुभद्राबाईंनी हळदीकडं बघितलं, चेतनकडं बघितलं आणि मान फिरवली. चेतनला फार वाईट वाटलं. तरी त्यानं त्यांचं नाव घेतलं नाही.

"ठेव चावी."

त्यानं चावी बाकावर ठेवली आणि तो दुकानाची पायरी उतरला.

"बळीराम!" म्हातारी कडाडली. संतापल्या की त्यांच्या तोंडी घरची अहिराणीच यायची. "ती हयद मनी शे. पानी मीच वतेल शे. आते माले बी काढी टाक!"

पाणी आईनंच ओतलं हे ऐकून शेठची मान खाली गेली. मग त्यांनी चावी उचलली आणि ती द्यायला स्वतः पायरी उतरले.